पॉइंटवरचा थेंब

गेली नऊ वर्षं दर अवसेला अप्पांच्या गाडीला तेल मी घालत होतो. इंजिनात ओततात ते तेल नव्हे. ते कुणीही ओतेल. हे तेल थेंबांनी घालायचं. डिस्ट्रिब्यूटरच्या आत, तीन ठिकाणी मिळून सहा-सात थेंब. आणि घालायचे ते आईच्या विणायच्या सुईनं.

अशी जुनी गाडी ज्यांनी उघडून पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंजिनाच्या कडेला मुठीएवढं काळं टोपण असतं, त्यातून पाच जाड वायरी निघतात. मधली वायर कॉइलकडून वीज आणते आणि बाकीच्या चार ती चार प्लगांना पाळीपाळीनं पोचवतात, पंगतीत वाढपी एकेका पानावर वाढत जातो तशी. टोपणाच्या दोन क्लिपा सोडवल्या की आत फिरणारा रोटर दिसतो. रोटर उपसला की खाली दांड्याच्या डोक्यावर लोकरीचा गोल तुकडा असतो. तिथं तीन थेंब. बाजूला दोन पॉइंट, मसुरीएवढ्या तोंडांचे, सतत एकमेकांना टेकणारे आणि सुटणारे. त्यातला जो हलतो त्याच्या खुंटीवर एक थेंब, तोही बारका. मग फटीतून खाली, जिथं दोन छोटी वजनं फिरतात तिथं दोन-तीन. आणि दांड्याच्या चार कडांना मोहरीच्या दाण्याएवढं ग्रीस. झालं काम. मात्र पॉइंटच्या तोंडाला तेल लागता कामा नये. लागलं तर ते ठिणगीबरोबर जळतं, खाली काळी रेघ उठते, गाडी खोकायला लागते आणि चढावर हमखास बंद पडते.

"तेल कमी पडलं तर दांडा कुरकुरतो, निदान सांगतो तरी," अप्पा म्हणायचे. "जास्त झालं तर काही न सांगता दगा देतं."

अप्पा धारवाडच्या कोर्टात वकिली करायचे. गाडी त्यांनी एका बदली होऊन जाणाऱ्या अधिकाऱ्याकडून घेतलेली, माझ्याहून वयानं मोठी. तिचं सगळं काम ते हुबळीच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडून शिकले, आणि एकदा शिकल्यावर कुणाला हात लावू दिला नाही. आमच्याकडं अवसेला गाड्या धुतात, चाकापुढं नारळ फोडतात, बंपरला लिंबू-मिरच्या बांधतात. अप्पा त्यातलं काही करत नसत, पण दिवस तोच धरत. तारीख लिहून ठेवावी लागत नाही म्हणायचे, चंद्रच सांगतो. केलगेरीच्या तळ्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर आमचं घर, पुढं अंगण, अंगणात पत्र्याच्या शेडखाली गाडी. अप्पा सुई तेलात बुडवून वर उचलत, टोकाला थेंब लोंबत असे, आणि तो थेंब तसाच लोंबत ठेवून ते पूर्ण फेंडर ओलांडून आत जात. थेंब जिथं पडायचा तिथंच पडायचा. आई असताना सुई तिच्या टोपलीतून मागून आणत आणि पुसून परत ठेवत. आई गेल्यावर ती सुई गाडीच्या डब्यातच राहिली.

मी नववीत असताना एकदा त्यांच्याकडं सुई मागितली. दिली. फेंडरपाशी पोचायच्या आतच थेंब माझ्या चपलेवर पडला. दुसरा टोपणावर. अप्पांनी सुई काढून घेतली. रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, "तुझा हात जड आहे." जड हात हा माझ्याबद्दलचा निकाल होता, आणि आमच्या घरात अपिलाची सोय नव्हती. पुढं मी सरकारी नोकरीला लागलो, जमिनींचे नकाशे काढण्यात माझी पंचवीस-सव्वीस वर्षं गेली, केसाएवढ्या रेघा ओढल्या; पण सुई मला पुन्हा मिळाली नाही आणि मी मागितली नाही.

न मागणं हा माझा स्वभावच आहे. अक्का मला लहानपणापासून घुम्या म्हणते. अक्का हुबळीला देशपांडे नगरात असते, भावजी डॉक्टर आहेत. माझी बायको मुलीच्या शिक्षणासाठी पुण्याला गेली ती तिथलीच झाली. भांडण असं झालं नाही. भांडायलाही बोलावं लागतं. तेव्हापासून घरात मी आणि अप्पा. सकाळी दोघांचा चहा, संध्याकाळी दोघांचा भात. मधे कोण काय बोललं हे आठवायला गेलो तर फारसं हाती लागत नाही.

अप्पा बोलायचे ते अळणावरच्या काकांशी. हे काका म्हणजे अप्पांचे पहिले अशील. लाकडाची वखार आणि थोडी शेती. खटला कधीच संपला होता, दोस्ती राहिली होती. अवसेला काकांच्या वखारीत करवतीच्या मशीनची पूजा असायची, म्हणून अप्पा अवसेला गाडीचं तेलपाणी करत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अळणावरला जात. जेवून, पडून, चहा घेऊन परत. मी रजा असली की सोबत जायचो. गाडी वखारीच्या फाटकात शिरली की काका आतून या, या करत ओरडायचे, "बर्री वकील्र, बर्री! गाडी चालली की ढकलत आणली?"

"ढकलायला तुम्हालाच बोलावणार होतो," अप्पा खाली उतरत म्हणायचे.

"ह्या अवसेला तरी लिंबू बांधलं काय? तेलानं कुठं दृष्ट उतरते?"

"तुमच्या लिंबानं पॉइंट साफ होत असतील तर पोतंभर पाठवा."

काका अर्धं कन्नड अर्धं मराठी बोलायचे, अप्पाही. मग दोघं लाकडांच्या थप्पीला टेकून बसायचे आणि मला तिथं काही काम नसायचं. ताज्या चिरलेल्या सागवानाचा वास यायचा. अप्पा तिथं हसायचे. दात दिसेपर्यंत हसायचे. घरी मी त्यांना तसं हसताना पाहिलं नाही, हे मला पहिल्यांदा वखारीतच कळलं.

आता मुद्द्यावर येतो. इथवर आलो तेच पुष्कळ.

नऊ वर्षांपूर्वी अप्पा सत्त्याहत्तर वर्षांचे होते. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. अळणावरहून येताना एका गावातल्या शाळेपाशी मुली रस्ता ओलांडत होत्या. अप्पांनी ब्रेक उशिरा दाबला. कुणाला काही लागलं नाही, पण एका मुलीच्या हातातला डबा निसटून चाकाखाली गेला आणि चपटा झाला. मी शेजारी बसलो होतो. अप्पांनी खाली उतरून मुलीची विचारपूस केली, तिच्या बाईंची माफी मागितली, आणि पुढं घरापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मीही नाही.

अक्काला कुणीतरी सांगितलंच. फोन आला.

"तू शेजारी बसून काय करायलास रे? उद्या एखादं पोर चाकाखाली आलं म्हणजे?"

"बघतो," मी म्हणालो.

"बघतो काय? सरळ सांग त्यांना, अप्पा, आता गाडी चालवू नका. पाच शब्द आहेत. घुम्या, पाच शब्द तरी बोल की आयुष्यात!"

मी ते पाच शब्द घेऊन पंधरा दिवस फिरलो. चहाच्या वेळी, भाताच्या वेळी. अप्पा समोर बसलेले असायचे आणि शब्द घशापर्यंत यायचे. ते नाही म्हणतील याची भीती नव्हती. ते माझ्याकडं बघतील याची होती.

मग अवस आली. अप्पांनी सकाळी तेल घातलं, टोपण बसवलं, जेवले, आणि नेहमीप्रमाणं तीनपर्यंत झोपले. मी शेडखाली गेलो. क्लिपा सोडवल्या. सुई तेलात बुडवली. त्या दिवशी माझा हात जड नव्हता, एवढं सांगतो. थेंब फेंडर ओलांडून आत गेला आणि मला हवा होता तिथं, पॉइंटच्या तोंडावर पडला. मी टोपण लावलं, सुई पुसली, डब्यात ठेवली. पाच शब्दांऐवजी एक थेंब. तेव्हा मला ते फार सोपं आणि सभ्य वाटलं.

दुसऱ्या दिवशी गाडी तळ्याच्या पुढच्या चढावर बंद पडली. एका ट्रॅक्टरवाल्यानं ओढून परत आणली. अप्पांनी टोपण उघडलं, काळी रेघ बघितली. त्यांच्याकडं जुन्या दस्तांच्या जाड हिरवट कागदाच्या पट्ट्या कापून ठेवलेल्या असत, त्यातली एक पॉइंटांच्या मधून ओढून तेल टिपलं. "माझ्याच हातून पडला असणार," म्हणाले. थोडे ओशाळल्यासारखे हसलेही.

दुसऱ्या अवसेला मी तेच केलं. गाडी अंगणातून निघालीच नाही. त्या वेळी ते हसले नाहीत.

तिसऱ्या अवसेला त्यांनी सकाळी तेल घातल्यावर भिंग आणलं. कोर्टात अंगठ्याचे ठसे बघायला वापरत ते भिंग. पॉइंट बघितले, खुंटी बघितली, खालची पट्टी बघितली. मी ओट्यावरून पाहत होतो. "स्वच्छ आहे," ते स्वतःशीच म्हणाले, आणि टोपण लावून समाधानानं जेवायला आले. त्या दिवशी मला थांबता आलं असतं. ते झोपले आणि मी गेलो.

दुसऱ्या दिवशी गाडी खोकून बंद पडली तेव्हा त्यांनी टोपण उघडलं आणि बराच वेळ आत बघत उभे राहिले. वकील माणूस, उभं आयुष्य दुसऱ्यावर संशय घेण्यात गेलं. पण घरात दुसरा माणूस मीच होतो आणि माझ्यावर त्यांना संशय आला नाही. ते म्हणाले, "हात गेला. आणि भिंगातून बघूनही कळलं नाही, म्हणजे डोळेही गेले." मग डब्यातून सुई काढून माझ्यापुढं धरली. "आता तूच बघ."

सुई हातात आली तेव्हा मला बरं वाटलं. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. वाईट वाटायच्या आधी, क्षणभर का होईना, बरं वाटलं.

गाडी थांबवणं चूक होतं असं मी आजही म्हणणार नाही. पण मला वाटलं होतं, गाडी थांबेल आणि बाकी सगळं तसंच राहील. तसं झालं नाही. अप्पांनी आधी दाढी करणं सोडलं; दर तिसऱ्या दिवशी न्हावी घरी यायला लागला. मग पत्रं लिहिणं सोडलं. मग पेनच. भावजींनी एकदा मुद्दाम येऊन तपासलं. "अप्पा, हात माझ्यापेक्षा स्थिर आहे तुमचा. उगाच काय?" अप्पा म्हणाले, "तुम्ही नाडीला विचारता. मी तेलाला विचारलंय." भावजी हसले. मी आत चहा आणायला गेलो.

आणि अळणावर. अळणावर म्हणजे काही काशी नव्हे. बस जाते, रेल्वे जाते, मला गाडी चालवता येते. मी "नेतो" म्हणालो, दोनदा. अप्पा दोन्ही वेळा "बघू" म्हणाले आणि मी त्यांचं बघू धरून बसलो, कारण ते माझ्याही सोयीचं होतं. खरं सांगायचं तर वखारीत त्यांच्या शेजारी उभं राहायची मला लाज वाटत होती. काकांचे फोन यायचे. "वकीलन्न कळिसो," म्हणजे वकिलाला पाठव रे. "गाडी मेली असेल तर बैलगाडी पाठवतो." पुढं पुढं म्हणायला लागले, जरा बरं नाही, दम लागतो. "तुला जमत नसेल तर तसं सांग, मी येतो." येणं त्यांना होण्यासारखं नव्हतं.

त्याच वर्षी एका सकाळी त्यांच्या मुलाचा फोन आला, काका गेले. अप्पांनी ऐकून घेतलं, फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "मी गेलो असतो." एवढंच. मी गेलो असतो. ते शब्द नऊ वर्षं या घरात आहेत. संध्याकाळी भात वाढताना मला ऐकू येतात.

त्यानंतर दर अवसेला मी तेल घालायचो आणि अप्पा ओट्यावर खुर्ची टाकून बघायचे. गाडी मी महिन्यातून एकदा तळ्यापर्यंत नेऊन आणायचो, बॅटरी उतरू नये म्हणून. ते बसायचे नाहीत. मी परत आलो की आवाजावरून सांगायचे, "नीट आहे." त्या आठवड्यातलं ते एकमेव वाक्य असायचं कधीकधी. लोक म्हणायचे, बापलेक किती शांत राहतात. घरात दोन माणसं असून संध्याकाळी दिवा लावायला दोघंही उठत नाहीत, एकमेकाची वाट बघतात, अंधार होतो. त्याला शांत म्हणायचं असेल तर म्हणावं.

गेल्या महिन्यात अक्का आली ती कागद घेऊन. हुबळीचा एक हौशी माणूस जुन्या गाड्या जमवतो, तो मागं लागला होता. अप्पांनी साफ नाही सांगितलं. मग अक्का म्हणाली, निदान गाडी याच्या नावावर तरी करून ठेवू, उद्याचं कुणी सांगावं. अप्पांना ते पटलं. त्यांनी माझ्याकडं बोट केलं आणि अक्काला म्हणाले, "त्याच्याच नावावर कर. त्याचा हात चांगला आहे. नऊ वर्षांत एक थेंब इकडचा तिकडं नाही. माझ्यापेक्षा चांगला."

एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्याबद्दल काढलेला हा पहिला चांगला शब्द. मी जमिनीकडं बघत बसलो.

अक्कानं कागद त्यांच्यापुढं ठेवला, पेन उघडून दिलं. अप्पांनी पेन बाजूला सारलं. "सही नको. अंगठ्याचं पॅड आण."

"अप्पा, काहीतरीच काय! वकील तुम्ही, अंगठा काय लावता?"

"सही डगमगली की कागद संशयात येतो. अंगठा डगमगत नाही. आण."

हजारो लोकांचे अंगठे त्यांनी भिंगाखाली बघितले होते. आता त्यांनी स्वतःचा अंगठा वर करून माझ्यापुढं धरला, शाई लावून दे म्हणून. आणि तिथं मला ते जमेना.

"अप्पा," मी म्हणालो, "तुमच्या हातून थेंब पडले नव्हते. मी टाकले."

अक्का म्हणाली, "काय बोलायलास?"

अप्पांनी अंगठा खाली घेतला. माझ्याकडं बघितलं. ज्या बघण्याला मी घाबरत होतो ते हेच. पण ते रागाचं नव्हतं. कोर्टातलं होतं.

"किती वेळा?"

"तीन. लागोपाठ तीन अवसा."

"केव्हा?"

"तुम्ही दुपारी झोपल्यावर."

"कशानं?"

"आईच्याच सुईनं."

"भिंगातून बघितलं त्या दिवशीही?"

"हो."

"कारण?"

"तुमची काळजी," मी म्हणालो. "शाळेपाशी त्या दिवशी..."

ते बघतच राहिले. साक्षीदार अर्धंच बोलला की कसं बघत असतील ते मला तेव्हा कळलं.

"आणि सुई माझ्या हातात यावी म्हणून," मी म्हणालो. "थोडं तेही होतं."

"अप्पा, मीच त्याच्या मागं लागले होते," अक्का मधेच म्हणाली. "तुमच्या जिवासाठीच केलं त्यानं, दुसरं..."

"तू थांब." रस्त्यावरून भाजीचा गाडा ओरडत गेला. मग ते सावकाश म्हणाले, "म्हणजे तो गेला तेव्हा गाडी चालू होती. आणि हातही."

"हो."

ते उठले, भिंतीला धरून आत गेले, दार लावून घेतलं. अक्का माझ्याजवळ येऊन बसली. रागवावं की जवळ घ्यावं हे तिलाही ठरवता येईना. शेवटी म्हणाली, "बोललास ते बोललास, नऊ वर्षं उशिरा. मुकाच राहिला असतास तर काय झालं असतं?" थोड्या वेळानं म्हणाली, "नाही, बरं केलंस." आणि सहाच्या बसनं हुबळीला गेली. कागद तसेच राहिले.

पुढचे आठ दिवस अप्पा माझ्याशी बोलले नाहीत. तसे आम्ही कधी बोलत होतो म्हणा. पण न बोलण्यातही फरक असतो. आधीचं न बोलणं दोघांचं होतं, हे एकट्याचं होतं. मी चहा ठेवायचो, ते मी उठून गेल्यावर घ्यायचे. तिसऱ्या दिवशी न्हावी आला, त्याला त्यांनी फाटकातूनच परत पाठवलं. जेवायला आले तेव्हा दाढी केलेली होती. हनुवटीवर दोन ठिकाणी कापलं होतं आणि तिथं कागदाचे कपटे चिकटवलेले होते. मला ते बघवत नव्हतं आणि मी बघत होतो.

मग अवस आली. मी नेहमीसारखं बॉनेट उघडलं, टोपण काढलं, रोटर उपसून फडक्यावर ठेवला. मागं पावलं वाजली. अप्पा खुर्चीवर बसायचे सोडून शेडखाली आले होते. त्यांनी हात पुढं केला. मी सुई दिली.

त्यांनी ती तेलात बुडवली, वर उचलली. टोकाला थेंब लोंबायला लागला, आणि तो थेंब हलत होता. शहाऐंशीव्या वर्षी, नऊ वर्षं पेन नाही, वस्तरा नाही, सुई नाही. हात खरंच गेला होता. मी खोटं सांगून घालवलेला हात तोवर खरोखर जाऊन बसला होता. मी फेंडरवर हात ठेवून उभा राहिलो, त्यांनी त्यावर कोपर टेकावं म्हणून. त्यांनी टेकलं नाही. सुई फेंडर ओलांडून आत गेली. पहिला थेंब लोकरीवर पडला. दुसराही. तिसरा निसटला.

त्यांनी खिशातून भिंग काढलं. वाकून बघितलं. पॉइंटच्या तोंडावर थेंब चमकत होता. मला भिंगाशिवायही दिसत होता.

"हा माझा," अप्पा म्हणाले.

मग हात मागं केला. मी डब्यातून हिरव्या कागदाची पट्टी काढून दिली. त्यांनी ती पॉइंटांच्या मधून ओढली, उजेडाकडं धरून डाग बघितला, पुन्हा ओढली. चार पट्ट्या लागल्या. खुंटीवरचा थेंब त्यांनी दोनदा चुकवला, तिसऱ्यांदा बसवला. अर्धा तास गेला असेल. मी रोटर आणि टोपण बसवलं, गाडी सुरू केली. दोन वेळा खोकली आणि चालायला लागली. त्यांनी कान देऊन ऐकलं. "नीट आहे" म्हणाले नाहीत. म्हणाले, "बंद कर."

मी विचारलं, "अळणावरला जायचं का उद्या? वखारीत. त्यांचा मुलगा असतो."

"आता कुणाकडं?" ते म्हणाले, आणि घराकडं वळले. सुई त्यांनी डब्यात ठेवली नाही. ती त्यांच्या खोलीत गेली, टेबलावर पेनांच्या पेल्यात उभी आहे. गाडीचे कागद खणात आहेत, त्यांवर सही नाही आणि अंगठाही नाही. गाडी अजून त्यांच्याच नावावर आहे.

त्यांनी मला माफ केलं का, हे मला माहीत नाही. विचारायचं धाडस नाही, आणि विचारलं तर ते "बघू" म्हणतील. बोलणं आधीसारखंच आहे, म्हणजे नाहीच. संध्याकाळी दिवा मात्र आता मी उठून लावतो.

पुढची अवस अकरा दिवसांवर आहे. पट्ट्या संपल्या होत्या. मी कपाटातून एक जुना दस्त काढला, मागची कोरी बाजू बघितली आणि दोन डझन कापून डब्यात ठेवल्या.